शास्त्री नदीचं बोट धरून

“यंदा सहल कुठे न्यायची?” असा प्रश्न वर्गात टाकला की उत्तरं तयारच असतात. महाबळेश्वर! पन्हाळा! मुंबईची राणीची बाग! आपलं स्वतःचं गाव मात्र कोणीच सांगत नाही. आणि गंमत बघा, ज्या मुंबईला जायला आपली मुलं इतकी उत्सुक असतात, तिथलीच माणसं सुट्टी पडली रे पडली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात येतात. त्यातली बरीचशी मुंबई-गोवा महामार्गाने येतात, संगमेश्वरला चहा-वडा घेतात आणि पुढे गणपतीपुळ्याची वाट धरतात. संगमेश्वर म्हणजे त्यांच्या लेखी फक्त चहाचा थांबा!

आज मी तुम्हाला याच संगमेश्वरातून निघून एका दिवसात घरी परत येता येईल अशा सहा सहली सांगणार आहे. वाटाड्या म्हणून आपल्याबरोबर असेल आमची शास्त्री नदी.

ही नदी सह्याद्रीत, प्रचितगडाच्या परिसरातल्या डोंगरांत उगम पावते. शृंगारपूरच्या बाजूने खाली येते. संगमेश्वरला तिला सोनवी नदी मिळते. दोन नद्यांचा संगम, म्हणून गावाचं नाव संगमेश्वर. पुढे तिची रुंद खाडी होते आणि जयगडला ती अरबी समुद्राला मिळते. कोकणात सह्याद्री आणि समुद्र एकमेकांच्या जवळ, त्यामुळे इथल्या नद्या आखूड आणि धावऱ्या. गोदावरीसारखा लांबचा प्रवास त्यांच्या नशिबी नाही. पण म्हणूनच एका नदीकाठी, एकाच जिल्ह्यात आपल्याला डोंगर, गुहा, मंदिर, किल्ला आणि समुद्र असं सगळं बघायला मिळतं. चला तर मग!

पहिला दिवस : कसबा

संगमेश्वरपासून तीन-चार किलोमीटरवर कसबा संगमेश्वर आहे. मोठी मुलं चालतसुद्धा जाऊ शकतील. इथे कर्णेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. चालुक्य घराण्यातल्या कर्ण राजाने ते बांधलं असं मानतात. म्हणजे साधारण आठ-नऊशे वर्षं ते इथे उभं आहे. आत गेल्यावर घाईने घंटा वाजवून बाहेर पडू नका. मंडपात उभं राहा आणि मान वर करा. छताच्या दगडावर किती बारीक कोरीव काम केलंय ते दिसेल.

आता एक कोडं. लोखंड नाही, सिमेंट नाही, मग एवढं जड दगडी छत पडत कसं नाही? अशा जुन्या मंदिरांत कारागीर एक युक्ती करत. चार खांबांवर चार तुळया ठेवायच्या, म्हणजे मधे चौकोनी भोक राहतं. मग त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवायचे. भोक लहान झालं. त्याच्यावर पुन्हा तसेच दगड. असं करत करत शेवटी एकाच दगडाने झाकता येईल एवढं भोक उरतं. घरी रिकाम्या काड्यापेट्या आणि पट्ट्या घेऊन करून बघा. पहिल्यांदा कोसळेल, दुसऱ्यांदाही कोसळेल. मग त्या कारागिरांची किंमत कळेल!

कसब्याला दुसरी एक आठवण आहे, ती मात्र डोळ्यांत पाणी आणणारी. फेब्रुवारी १६८९च्या सुरुवातीला छत्रपती संभाजी महाराज इथे मुक्कामाला होते. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून, कोणाला चाहूल न लागू देता इथे येऊन थडकला. चकमक झाली. म्हाळोजी घोरपडे तिच्यात पडले. महाराज आणि कवी कलश पकडले गेले. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. कसब्यात आज त्यांचं स्मारक आहे.

पण धडा इथे संपत नाही, बरं का. राजा गेला म्हणजे स्वराज्य संपलं, असा औरंगजेबाचा हिशेब होता. तो साफ चुकला. म्हाळोजींचे चिरंजीव संताजी घोरपडे, धनाजी जाधव, राजाराम महाराज, महाराणी ताराबाई यांनी झुंज चालूच ठेवली. १७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई? त्यांचं माहेर शृंगारपूर. म्हणजे याच शास्त्री नदीचं वरचं खोरं!

कसब्याहून परत येताना नदीकाठी थोडं थांबा. पाण्याकडे बघून तुम्हाला पटणार नाही, पण एकेकाळी भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन गलबतं थेट संगमेश्वरपर्यंत येत. घाटावरून बैलांच्या पाठीवरून माल उतरायचा आणि इथून समुद्रमार्गे जायचा. मग हे बंदर गेलं कुठे? कोणी शत्रूने ते बुडवलं नाही. डोंगरउतारावरची माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येत राहिली, खाडीत गाळ साचत गेला आणि गलबतं अलीकडे-अलीकडे थांबू लागली. एक जिवंत बंदर हळूहळू, कोणाच्या लक्षातही न येता मिटलं. ही गोष्ट डोक्यात ठेवा. पुढच्या सहलीत ती आपल्याला पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दुसरा दिवस : मार्लेश्वर

आता नदीच्या उलट दिशेला, डोंगराकडे जाऊ. संगमेश्वरहून एस.टी.ने देवरुख गाठायचं आणि तिथून १८ किलोमीटरवर मारळ गावच्या डोंगरात मार्लेश्वर. गाडी पायथ्याशी थांबते. पुढे पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. “किती राहिल्या?” असं दर दहा पायऱ्यांना आजोबांना विचारू नका, तेही दमलेले असतात!

मार्लेश्वराचं देऊळ म्हणजे डोंगरातली गुहा. आत समयांचा मंद उजेड असतो. आणि कपारींमधे साप असतात! खरेखुरे साप. पण घाबरायचं कारण नाही. माणसं त्यांना त्रास देत नाहीत आणि तेही आपल्या वाटेला जात नाहीत. एरवी साप दिसला की काठी शोधणारी आपली माणसं इथे मात्र हात जोडतात. मग मनात येतं, सापाला जगू द्यायचं ही गोष्ट गुहेच्या बाहेरही का पाळू नये? शेतातले उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचं धान्यच राखतो ना!

जवळच धारेश्वराचा धबधबा उंच कड्यावरून कोसळतो. इथून निघणारी बाव नदी पुढे शास्त्रीलाच मिळते. म्हणजे इथे अंगावर उडालेले तुषार काही दिवसांनी जयगडच्या समुद्रात पोचणार! पावसाळ्यात धबधबा ऐन जोरात असतो, पण तेव्हा दगड शेवाळलेले असतात आणि पाणी अचानक वाढतं. म्हणून पाऊस ओसरल्यावर, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास जाणं उत्तम. मकरसंक्रांतीला इथे मोठी यात्रा भरते. तेव्हा मार्लेश्वराचं लग्न लागतं, साखरप्याच्या गिरिजादेवीशी. साखरप्याहून नवरीची पालखी वाजतगाजत येते. देवांच्या लग्नाला आमंत्रणपत्रिका लागत नाही, खुशाल जा.

तिसरा दिवस : राजवाडीचं गरम पाणी

ही अर्ध्या दिवसाची सहल. थंडीतली सकाळ निवडा. संगमेश्वरच्या उत्तरेला, महामार्गाच्या जवळच राजवाडी आणि तुरळ इथे गरम पाण्याचे झरे आहेत. कुंडातून वाफ निघताना दिसते आणि नाकाला गंधकाचा वास येतो. पाण्यात एकदम हात घालू नका. आधी मोठ्या माणसांना विचारा.

“गुरुजी, खाली चूल कोण पेटवतं?” असा प्रश्न छोट्या दोस्तांना नक्की पडेल. जमिनीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढत जाते. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांमधून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं. कोकणात अशा झऱ्यांची एक रांगच आहे. ठाण्याकडचं वज्रेश्वरी, दापोलीकडचं उन्हवरे ही त्याच रांगेतली भावंडं. राजवाडीला सोमेश्वराचं देऊळ आहे. त्याचं लाकडी कोरीव काम बघायला विसरू नका. कसब्याच्या दगडी कोरीव कामाशी त्याची तुलना करा. दगडात काय जमतं, लाकडात काय जमतं?

चौथा दिवस : उक्षीचा हत्ती

आता मी तुम्हाला एका हत्तीला भेटवणार आहे. हा हत्ती हलत नाही, सोंड वर करत नाही आणि केळीही खात नाही. तो जमिनीवर आडवा कोरलेला आहे!

कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोडच्या पुढचं स्टेशन उक्षी. गाव रत्नागिरी तालुक्यात. गावकऱ्यांना वाट विचारत सड्यावर जायचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. या कातळावर कोणी एकाने हत्तीची मोठी आकृती कोरून ठेवली आहे. याला म्हणतात कातळशिल्प. अशी शिल्पं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कितीतरी सड्यांवर सापडली आहेत. मासे, पक्षी, वाघ, माणसं, आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडासुद्धा! राजापूर तालुक्यात कशेळीला तर हत्तीच्या एका प्रचंड आकृतीच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. यातली काही शिल्पं दहा हजार वर्षांपेक्षाही जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेती यायच्या आधीचा, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे वही नव्हती. त्याने कातळालाच वही केलं.

आता आपल्या बंदराची गोष्ट आठवा. ही शिल्पंही तशीच हळूहळू नाहीशी होऊ शकतात. जांभा कापून घराचे चिरे काढतात, सड्यावरून रस्ते जातात, इमारती उभ्या राहतात. चिरेखाणीच्या यंत्राला खाली हत्ती आहे की नुसता दगड, हे थोडंच कळतं? सड्यावरून रोज गुरं नेणाऱ्यांनाही कित्येक ठिकाणी या रेघांचं मोल माहीत नव्हतं. पण उक्षीच्या गावकऱ्यांनी आपला हत्ती ओळखला. त्याच्याभोवती चिऱ्यांचं कुंपण घातलं आणि तो सांभाळला. पुढे २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा निवडक ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे आधी गावाने किंमत केली, मग जगाने. बंदर मिटलं आणि हत्ती वाचला. फरक कशाचा? लक्ष देणाऱ्या माणसांचा!

सड्यावर सावली नसते. सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी न्या. शिल्पावर पाय देऊ नका, खडूने रेघा गिरवू नका. श्रावण-भाद्रपदात गेलात तर सड्यावर इवल्याइवल्या फुलांचे गालिचे दिसतील, तेही तुडवू नका.

पाचवा दिवस : बोगद्यातून राजवाड्याकडे

आज नदीला सुट्टी देऊ आणि रेल्वेने रत्नागिरीला जाऊ. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे करबुडे बोगदा लागतो. लांबी साधारण साडेसहा किलोमीटर! कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं हा भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. २०१३ साली काश्मीरमधल्या पीर पंजाल बोगद्याने त्याला मागे टाकलं. एक गणित सोडवा : गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली, तर बोगदा पार करायला किती मिनिटं लागतील? अंधार झाला की घड्याळ लावा आणि उत्तर ताडून बघा.

रत्नागिरीत बघण्यासारखं पुष्कळ आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी इथे झाला. ते घर टिळक आळीत आहे. १९३१ साली बांधलेलं पतितपावन मंदिर आहे. ज्या काळात कित्येक देवळांची दारं अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना बंद होती, त्या काळात हे देऊळ सर्व जातींच्या लोकांसाठी उघडं होतं. मत्स्यालयात रंगीत मासे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग आहे. पण मी तुम्हाला सांगेन, थिबा राजवाडा चुकवू नका.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला कुटुंबासह इतक्या दूर रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याआधी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी कुठे नेऊन ठेवलं होतं, ठाऊक आहे? ब्रह्मदेशात, रंगूनला! इथला राजा तिकडे, तिकडचा राजा इकडे. आपल्या माणसांपासून तोडलं की राजाही एकटा पडतो, हे इंग्रजांना पक्कं माहीत होतं. थिबासाठी बांधलेला हा लाल राजवाडा १९१० साली पूर्ण झाला. १९१६ साली राजा इथेच वारला. ३० वर्षं परक्या मुलखात! राजवाड्यापासून जवळच असलेल्या थिबा पॉइंटवरून खाडी आणि समुद्र दिसतो. तिथे उभं राहून क्षणभर विचार करा, रोज समुद्र दिसतोय पण घरी जाता येत नाही, असं असेल तर कसं वाटत असेल?

सहावा दिवस : जयगड, मालगुंड, गणपतीपुळे

शेवटच्या दिवशी पुन्हा शास्त्री नदीकडे. ती जिथे समुद्राला मिळते तिथे जयगडचा किल्ला पहारा देत उभा आहे. विजापूरच्या आदिलशाहीत, सोळाव्या शतकात तो बांधला गेला. नंतर तो संगमेश्वरच्या नाईकांकडे आला. इंग्रजी अमदानीतल्या रत्नागिरी गॅझेटियरमधे नोंद आहे की, थोड्याशा गावांच्या आणि मोजक्या सैनिकांच्या बळावर या नाईकांनी विजापूरकर आणि पोर्तुगीज यांच्या एकत्र फौजांना १५८३ ते १५८५च्या सुमारास दोनदा हरवलं. आपल्या चहाच्या थांब्याचे नाईक, बरं का! पुढे किल्ला कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यात जयबा नावाच्या तरुणाची आठवण जपलेली आहे. बांधकाम काही केल्या टिकेना, तेव्हा त्याने स्वतःचा बळी दिला आणि त्याच्यावरून जयगड नाव पडलं, अशी दंतकथा आहे. बळी देऊन भिंत उभी राहत नाही, हे तुम्ही जाणताच. भिंत उभी राहते ती चांगल्या पायाने आणि घामाने. पण ही दंतकथा आपल्याला एक गोष्ट मात्र खरी सांगते. किल्ल्यांच्या इतिहासात राजांची नावं असतात. दगड वाहणाऱ्यांची नावं मात्र क्वचितच उरतात. तटावर हात ठेवाल तेव्हा त्या हातांचीही आठवण ठेवा. खाली खाडीत फेरीबोट दिसेल. ती माणसं आणि मोटारी घेऊन पलीकडे गुहागर तालुक्यातल्या तवसाळला जाते.

परतीच्या वाटेवर मालगुंड. इथे १८६६ साली कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले कवी केशवसुत जन्मले. ‘तुतारी’ लिहिणारे तेच! त्यांचं कौलारू घर जपलेलं आहे आणि शेजारी १९९४ साली त्यांचं स्मारक झालं. मराठी कवितेला नवं वळण देणारा कवी अशा साध्या घरात लहानाचा मोठा झाला, हे बघून तुम्हालाही दोन ओळी सुचतील कदाचित.

तिथून हाकेच्या अंतरावर गणपतीपुळे. इथल्या गणपतीचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे आहे. प्रदक्षिणा घालायची ती देवळाला नव्हे, सबंध टेकडीला! वाळूत किल्ले बांधा, शिंपले वेचा. समुद्रात मात्र मोठ्यांशिवाय पाऊल टाकू नका. इथला किनारा उतरता आहे, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. बुडण्याच्या दुर्घटना इथे झालेल्या आहेत. किनाऱ्यावरचे सुरक्षारक्षक आणि कोळी बांधव “आत जाऊ नका” म्हणाले की ऐकायचं. त्यात कसला कमीपणा नाही.

जाता जाता

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. यातल्या कुठल्याही सहलीला मोठा खर्च नाही. एस.टी. किंवा रेल्वेचं तिकीट, घावनं-चटणीची शिदोरी आणि कोकम सरबताची बाटली एवढं पुरे. दिवसात पाच ठिकाणं उरकण्यापेक्षा एकच बघा, पण मुलांना तिथे रेंगाळू द्या. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला येत नसली तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. संगमेश्वरी बोलीत ऐकलेलं उत्तर मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी तीन कामं. एक : सहलीची वही करा आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक चित्र काढा. फोटो तर सगळेच काढतात, पण चित्र काढायचं तर नीट बघावं लागतं. दोन : भिंतीवर, झाडावर, कातळावर आपलं नाव कोरू नका. पिशव्या आणि वेष्टनं परत घरी आणा, कारण काठावर टाकलेली पिशवी पहिल्या पावसात नदीतच जाते. तीन : तुमच्या गावातलं असं एखादं ठिकाण शोधा, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. जुनी विहीर, पार, वीरगळ, काहीही. त्याची माहिती घरातल्या आणि शेजारच्या मोठ्यांकडून गोळा करा आणि वर्गात सगळ्यांना सांगा.

संगमेश्वरचं बंदर काही परत येणार नाही. पण तुमच्या गावातला ‘हत्ती’ कदाचित अजून तिथेच असेल, तुमची वाट बघत. मग कधी निघताय?